बायपोलर डिप्रेशन औषधांना दाद देत नाही तेव्हा: टीएमएस उपचाराची तयारी, सत्रं आणि नंतरची देखरेख

टीएमएसमध्ये (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) डोक्याला बाहेरून कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, टेकवून चुंबकीय स्पंदनांनी मेंदूचा ठरावीक भाग चेतवला जातो. भूल द्यावी लागत नाही, ईसीटीसारखी (विजेच्या झटक्याचा उपचार) आकडी आणावी लागत नाही, सत्र संपलं की माणूस खुर्चीतून उठून चालत घरी जातो. शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे यंत्र पहिल्यांदा माणसावर वापरून दाखवलं. अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक एफडीएने २००८ मध्ये त्याला नैराश्यासाठी मान्यता दिली, पण ती साध्या, म्हणजे युनिपोलर नैराश्यासाठी. बायपोलर डिप्रेशनसाठी (नैराश्य आणि अति-उत्साहाचा मॅनिया यांत मूड झुलणाऱ्या आजारातलं नैराश्य) एका यंत्राला २०२० मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा मिळाला. हा दर्जा म्हणजे मान्यता नव्हे, तपासणीच्या रांगेत पुढे मिळालेली जागा. जाहिरातींत हा फरक बऱ्याचदा गायब असतो.

यंत्र चालवणं हा या उपचारातला सोपा भाग आहे. बायपोलरमध्ये निकाल ठरतो तो आधीच्या तयारीवर, कॉइल नेमकी कुठे बसते यावर आणि मूड उलट्या दिशेला सरकतोय का हे कोण पाहतंय यावर. म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पुरावा किती आहे

हुरळून जाण्याइतका नाही आणि झटकून टाकण्याइतका कमीही नाही. खोलवर पोहोचणाऱ्या एच-१ कॉइलची बायपोलर डिप्रेशनमधली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ५० रुग्ण होते आणि औषधं चालू ठेवून २० सत्रं दिली गेली. चौथ्या आठवड्यात खऱ्या उपचाराचा गट खोट्या उपचाराच्या गटापेक्षा पुढे होता, आठव्या आठवड्यापर्यंत तो फरक विरला. २०२१ मध्ये रोज एक सत्र अशा थीटा बर्स्ट (छोट्या झुपक्यांत वेगाने स्पंदनं देण्याच्या) पद्धतीची ३७ जणांची चाचणी आली. फरक दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. मग २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची छोटी पण लक्षवेधी चाचणी आली. औषधांना न जुमानणारं बायपोलर डिप्रेशन असलेले २४ जण, दिवसाला १० सत्रं, पाच दिवस. खऱ्या उपचाराच्या गटाचा एमएडीआरएस (डिप्रेशनची तीव्रता मोजणारा) गुणांक सरासरी ३०.४ वरून १०.५ वर उतरला, खोट्या उपचाराच्या गटाचा २८.० वरून २५.३ वर. आकडे जोरदार आहेत, माणसं मोजकी आहेत.

कॅनडाच्या कॅनमॅट या तज्ज्ञगटाने आंतरराष्ट्रीय बायपोलर संघटनेसोबत २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बायपोलर डिप्रेशनसाठी आरटीएमएस (पुन्हापुन्हा स्पंदनं देणारं टीएमएस) तिसऱ्या फळीत आहे, ईसीटी दुसऱ्या. तीव्र आत्महत्येचा धोका, खाणंपिणं बंद होणं, कॅटाटोनिया (हालचाल-बोलणं गोठणं) किंवा भ्रम-भास असतील तर टीएमएससाठी आठवडे घालवू नयेत. तिथे ईसीटीचाच विचार आधी व्हायला हवा. स्वतःला संपवण्याचे विचार मनात येत असतील तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा तातडीच्या विभागाशी बोला.

पहिला टप्पा: ‘औषधं लागू पडत नाहीत’ हे खरं आहे का

टीएमएसच्या दारापर्यंत आलेल्या अनेकांची औषधं नीट वापरूनच झालेली नसतात. सर्वसाधारण निकष असा: बायपोलर डिप्रेशनसाठी शिफारस असलेली किमान दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडलेला नाही. ‘पुरेसा’ या शब्दातच सगळी मेख आहे. क्वेटियापिन झोपेसाठी ५० मिलिग्रॅम घेतली तर ती बायपोलर डिप्रेशनची ट्रायल धरत नाहीत. तिथे ३०० मिलिग्रॅम लागतात. लिथियमची रक्तातली पातळी ०.४ असेल तर लिथियम हरलं असं म्हणता येत नाही, साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर, आणि डिप्रेशनसाठी त्यातही ०.८ च्या आसपास, अशी पातळी पाहतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, नाहीतर आकडा फसवा येतो.

लॅमोट्रिजिनची गोष्ट आणखी वेगळी. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका टाळण्यासाठी ती दोन आठवडे २५, दोन आठवडे ५०, मग १०० आणि पुढे २०० मिलिग्रॅम अशी चढवतात. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर हे आकडे निम्मे होतात. म्हणजे पहिला महिना-दीड महिना औषध पूर्ण डोसला पोहोचलेलंच नसतं. ‘महिनाभर घेतली, काही झालं नाही’ ही लॅमोट्रिजिनबद्दलची नेहमीची तक्रार आहे आणि ती ट्रायल मोजायची नसते.

यासोबत थायरॉइडची तपासणी (लिथियममुळे थायरॉइड मंदावतो आणि ते हुबेहूब डिप्रेशनसारखं दिसतं), बी-१२, घोरणं आणि स्लीप ॲप्निया, दारू व इतर व्यसनं हेही तपासून घ्या. यातलं एखादं कारण सापडलं तर अनेक आठवड्यांची फेरी वाचू शकते.

निदानही पुन्हा एकदा पडताळावं लागतं. डिप्रेशनसोबत मनात विचारांची शर्यत, चिडचिड, अंगात अस्वस्थ ऊर्जा अशी मिश्र लक्षणं असतील तर आधी ती औषधांनी शांत करतात. अशा अवस्थेत टीएमएस सुरू करणं म्हणजे आगीची दिशा न बघता वारा घालणं.

दुसरा टप्पा: सुरक्षिततेची चाळणी

पहिला प्रश्न धातूचा. कॉइलच्या तोंडाशी चुंबकीय क्षेत्र दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचं असतं, पण ते काही सेंटिमीटरमध्येच विरतं. त्यामुळे गुडघ्यातल्या प्लेटची चिंता नाही, दातातलं सिमेंटही सहसा चालतं. कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची चुंबकाकडे ओढली जाणारी क्लिप, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड, डोक्यात किंवा डोळ्यात राहिलेले धातूचे कण असतील तर टीएमएस नाही. पेसमेकर, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर यांसारखी उपकरणं असतील तर हृदयरोगतज्ज्ञ आणि उपकरणाची कंपनी यांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. वेल्डिंग किंवा धातू घासण्याचं काम कधी केलं असेल तर सांगा. डोळ्यातला कण माणसाला माहीत नसतो.

दुसरा प्रश्न आकडीचा. टीएमएसमुळे आकडी येण्याचं प्रमाण १०,००० सत्रांमागे एकाहूनही कमी आहे. चक्कर येऊन पडणं त्याहून जास्त वेळा घडतं, विशेषतः पहिल्या सत्रात, उपाशीपोटी. तरी एपिलेप्सी, डोक्याला झालेली मोठी इजा, मेंदूतली गाठ किंवा स्ट्रोक यांचा इतिहास लपवू नये. बुप्रोपिऑन, क्लोझापिन यांसारखी औषधं आकडीचा उंबरा खाली आणतात. लिथियम योग्य पातळीत असेल तर उपचार होऊ शकतो. पातळी वाढून विषारी झाली तर धोका वाढतो. जुलाब-उलट्या झाल्या, कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतली तरी लिथियम चढतं, म्हणून अशा दिवशी केंद्राला फोन करून विचारायचं.

तिसरा टप्पा: औषधांची घडी बसवणं

बायपोलर-१ (पूर्ण मॅनियाचा प्रकार) असेल तर मूड स्थिर ठेवणारं औषध आधीपासून पुरेशा डोसमध्ये चालू असलं पाहिजे. लिथियम, व्हॅल्प्रोएट किंवा एखादं योग्य अँटिसायकॉटिक हे टीएमएसच्या खाली अंथरलेलं जाळं आहे. ‘आता मशीन आहे, गोळ्या कमी करू’ हा हिशेब इथे चालत नाही.

नियम साधा: कोर्सच्या आधी दोन-चार आठवडे आणि कोर्स संपेपर्यंत औषधांत शक्यतो बदल नको. कारण थेट मोजता येतं. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन यांसारखी औषधं मेंदूचा मोटर थ्रेशोल्ड (अंगठा हलवायला लागणारी कॉइलची किमान ताकद) वाढवतात. समजा, तुमचा थ्रेशोल्ड यंत्राच्या ताकदीच्या ६० टक्के निघाला. उपचार थ्रेशोल्डच्या १२० टक्क्यांनी द्यायचा म्हणून यंत्र ७२ वर लावलं. मधल्या काळात कार्बामाझेपिन कमी केली, थ्रेशोल्ड ५० वर आला आणि कुणी नव्याने मोजला नाही. तेच ७२ आता १४४ टक्के झाले. उलट औषध वाढवलं तर उपचार कमी पडतो आणि ‘टीएमएस चालत नाही’ असा शिक्का बसतो.

लोराझेपाम, क्लोनाझेपाम वर्गातल्या गोळ्या घेणाऱ्यांत टीएमएसचा प्रतिसाद कमी दिसतो असं अनेक निरीक्षणांत आलं आहे. म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करायला सांगू शकतात. स्वतःहून एका रात्रीत बंद करू नका. त्या अचानक तोडल्या की आकडीचा धोका वाढतो, झोप उडते, आणि उडालेली झोप बायपोलरमध्ये स्वतंत्र संकट आहे.

चौथा टप्पा: पहिला दिवस – जागा आणि ताकद ठरवणं

हा दिवस तास-दीड तासाचा असतो आणि पुढच्या सगळ्या सत्रांचा पाया इथे पडतो. घाईत उरकणारं केंद्र असेल तर प्रश्न विचारा.

आधी मोटर थ्रेशोल्ड. कानात बोळे घातले जातात (कॉइलचा टकटक आवाज लहान दिसतो, पण कानाला घातक ठरू शकतो). कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागावर, मध्यरेषेशी साधारण ४५ अंशांत धरतात. उजवा हात मांडीवर सैल, तळवा वर. एकेक स्पंदन देत तंत्रज्ञ कॉइल काही मिलिमीटर सरकवत जातो, आणि एका जागी अंगठा आपोआप टुणकन हलतो. ती जागा सापडली की ताकद हळूहळू कमी करत, १० पैकी ५ वेळा अंगठ्याचा स्नायू हलेल अशी सर्वात कमी ताकद शोधतात. स्नायूवर इलेक्ट्रोड लावून मोजलं तर ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद धरतात. हात आवळून धरलेला असेल तर थ्रेशोल्ड खोटा कमी येतो, म्हणून हात ढिला सोडा, गप्पा मारू नका.

थ्रेशोल्ड ८५ टक्के निघाला तर १२० टक्क्यांसाठी १०२ लागतील, म्हणजे यंत्राच्या आवाक्याबाहेर. बऱ्याचदा दोष जागेचा असतो: खरा बिंदू अजून सापडलेलाच नसतो. पुन्हा शोधायला सांगा.

मग उपचाराची जागा: कपाळाच्या मागचा, बाजूचा भाग, ज्याला डीएलपीएफसी म्हणतात. जुनी रीत अशी, की अंगठ्याच्या बिंदूपासून पाच सेंटिमीटर पुढे. लहान-मोठ्या डोक्यांना एकच माप लावल्यामुळे अनेकांमध्ये कॉइल फार मागे बसते. त्याहून बरी ‘बीम एफ-३’ पद्धत: नाकाच्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, कानापासून कानापर्यंत टाळूवरून, आणि डोक्याचा घेर अशी तीन मापं घेऊन गणिताने बिंदू काढतात. सर्वात नेमकी पद्धत म्हणजे तुमच्या स्वतःच्या एमआरआयवर आधारित न्यूरोनॅव्हिगेशन (मेंदूच्या चित्रावर बघत कॉइल बसवणं). ते नसेल तर उपचार फुकट जातो असं नाही, पण मग डोक्यावर घातलेली टोपी आणि तिच्यावरच्या कॉइलच्या खुणा यांत ढिलाई चालत नाही. टोपी रोज एकाच उंचीवर, भुवईपासून मोजून बसली पाहिजे. केसांचा अंबाडा, जाड क्लिप, तेल यांमुळे टोपी सरकते आणि बिंदूही.

पाचवा टप्पा: प्रत्यक्ष सत्रं

सर्वाधिक अनुभव डाव्या बाजूच्या १० हर्ट्झचा आहे: १२० टक्के ताकद, चार सेकंद स्पंदनं, २६ सेकंद विश्रांती, असे ७५ फेरे, एकूण ३००० स्पंदनं, साडेसदतीस मिनिटं. विश्रांती ११ सेकंदांवर आणली तर तेच १९ मिनिटांत आटोपतं. उजव्या बाजूला १ हर्ट्झ देतात तेव्हा सेकंदाला एकच स्पंदन, २० ते ३० मिनिटं. आकडीचा धोका यात सर्वात कमी, म्हणून थोडीही शंका असेल तिथे ही बाजू निवडतात. थीटा बर्स्टमध्ये ५० हर्ट्झची तीन-तीन स्पंदनं सेकंदाला पाच वेळा, दोन सेकंद चालू, आठ सेकंद बंद. ६०० स्पंदनं तीन मिनिटांच्या थोडं वर संपतात. युनिपोलर नैराश्यात २०१८ च्या ४१४ जणांच्या चाचणीत ही छोटी पद्धत लांब पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. बायपोलरमध्ये मात्र वरची २०२१ ची निराशा लक्षात ठेवून निवड करावी.

नेहमीचा कोर्स आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. ३० सत्रांनंतर पुढच्या तीन आठवड्यांत तीन, दोन, एक अशी सहा सत्रं देऊन उतरवतात. वेगवान पद्धतीत दिवसाला १० सत्रं, प्रत्येकी १८०० स्पंदनं, दोन सत्रांत सुमारे तासाचं अंतर. पाच दिवसांत ९०,००० स्पंदनं होतात. त्यात अंतर कमी करून ‘लवकर उरकणं’ हा बदल नव्हे, चूक आहे.

पहिल्या आठवड्यात टाळू दुखते, भुवई आणि पापणी फडफडते, दात वाजतात. ताकद ८०-९० टक्क्यांवरून तीन-चार दिवसांत चढवली, कॉइलचा कोन काही अंश फिरवला किंवा मध्ये पातळ फोम ठेवला तर बहुतेकांना सोसतं. मात्र फोम ठेवला की कॉइल दूर जाते, म्हणून थ्रेशोल्डही फोमसकटच मोजायचा. डोकेदुखीला पॅरासिटामॉल पुरतं. दात मात्र अनपेक्षित जोराने वाजत असतील तर कॉइल फार पुढे-खाली गेली का ते पाहायला हवं.

दररोज बसण्याआधी तंत्रज्ञाने चार प्रश्न विचारले पाहिजेत, आणि न विचारल्यास तुम्हीच सांगा: काल किती तास झोप झाली, दारू घेतली का, औषधात काही बदल किंवा चुकलेला डोस आहे का, काही नवीन लक्षण आहे का. झोपेच्या प्रश्नाला इथे दुहेरी वजन आहे. तीन-चार तासांच्या झोपेने आकडीचा उंबरा खाली येतो. आणि तीन तास झोपूनही माणूस टवटवीत असेल तर ती बरं होण्याची नाही, मॅनियाची पहिली खूण असू शकते. दोन्ही कारणांनी त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सत्र देऊ नये.

सहावा टप्पा: मूड वर सरकतोय का

टीएमएसमुळे मॅनिया किंवा हायपोमॅनिया (सौम्य मॅनिया) सुरू झाल्याची उदाहरणं आहेत. चाचण्यांत खऱ्या आणि खोट्या उपचारांत त्याचं प्रमाण फारसं वेगळं दिसलेलं नाही, पण चाचणीतले रुग्ण निवडून घेतलेले आणि बहुधा स्थिरकांच्या (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांच्या) छायेत असतात. म्हणून दर आठवड्याला दोन मोजमापं हवीत: डिप्रेशनसाठी एमएडीआरएस, मॅनियासाठी वायएमआरएस. दोन्ही ० ते ६० गुणांची. फक्त डिप्रेशनचा आकडा मोजणारं केंद्र बायपोलर रुग्णासाठी अर्धंच काम करतंय, कारण हायपोमॅनियात तो आकडा छान खाली येतो आणि सगळे खूश होतात.

घरच्यांनी वेगळी वही ठेवावी. झोपायची आणि उठायची वेळ, बोलण्याचा वेग, खर्च, फोनवरचे नवे बेत. पहाटे साडेतीनला उठून कपाट आवरायला घेणं, एरवी दोन वाक्यं न बोलणाऱ्याने अर्धा तास अडवून योजना सांगणं, मध्ये थांबवलं की चिडणं: अशी दोन-तीन चिन्हं सलग दोन दिवस दिसली तर पुढच्या सत्राआधी डॉक्टरांना फोन. अशा वेळी सत्रं थांबवतात, सोबत अँटिडिप्रेसंट असेल तर ते काढतात, झोप आणि स्थिरक सावरतात. ‘इतकं छान वाटतंय, आता कशाला थांबायचं’ असा रुग्णाचा आग्रह असतो. तो आग्रह कोर्सच्या आधी, मन शांत असताना लिहून ठेवलेल्या संमतीने निकाली काढणं सोपं जातं.

फरक पडत नसेल तर

बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हलकं वाटू लागतं, आणि ते बहुधा आधी घरच्यांच्या नजरेला पडतं: आंघोळ न सांगता होते, ताटातलं संपतं. एमएडीआरएस निम्म्याने उतरला तर प्रतिसाद म्हणतात, १० किंवा खाली आला तर रेमिशन. २० सत्रांनंतर २० टक्केही उतार नसेल तर तसंच रेटत न नेता आधी तपासा: थ्रेशोल्ड शेवटचा कधी मोजला, टोपीची जागा सरकली का, मध्ये औषध बदललं का, किती सत्रं बुडली. सगळं ठीक असेल तर बाजू किंवा पद्धत बदलून पाहता येतं. काहींचा प्रतिसाद उशिरा येतो, म्हणून ३० पर्यंत जाण्यात अर्थ आहे. त्यापुढे तेच तसंच चालू ठेवण्यात फारसा नाही, तिथे ईसीटी किंवा वेगळं औषध यांची चर्चा उघडपणे व्हावी. एखाद-दुसरं सत्र बुडालं तर शेवटी जोडून घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

कोर्स संपल्यावर

मूड स्थिर ठेवणारी औषधं सुरूच राहतात. वर सांगितलेल्या २०१७ च्या चाचणीत आठव्या आठवड्याला फरक विरला होता, तेव्हा पहिले दोन-तीन महिने दर दोन आठवड्यांनी दोन्ही गुणांक मोजा. डिप्रेशन परतू लागलं तर पूर्ण कोसळण्याआधी थोड्या सत्रांची फेरी देता येते. पहिल्यांदा फायदा झालेल्यांना पुन्हा होण्याची शक्यता बरी असते. त्यासाठी केंद्रातून निघताना लेखी नोंद मागून घ्या: यंत्राचं आणि कॉइलचं नाव, बाजू, बिंदू काढण्याची पद्धत आणि तिची मापं, पहिला व शेवटचा थ्रेशोल्ड, ताकद, एकूण सत्रं आणि स्पंदनं, त्या काळातली औषधं डोससकट, आणि आठवडावार दोन्ही गुणांक. हा कागद नसेल तर दुसऱ्या केंद्रात सगळं शून्यापासून शोधावं लागतं.